मॅथ्यू हेन्सन : ध्रुवावरचे श्रम आणि श्रेय

उत्तर ध्रुवाच्या शोधाचा इतिहास दीर्घकाळ एकाच नावाभोवती लिहिला गेला. अमेरिकी नौदलातील अभियंता रॉबर्ट पिअरी यांनी ६ एप्रिल १९०९ रोजी ध्रुव गाठला, असे अनेक पिढ्यांनी पाठ केले. त्या दिवशी तेथे सहा माणसे होती : पिअरी, ऊटा, एगिंग्वा, सीग्लू व ऊकिया हे चार इनुइट, आणि मॅथ्यू हेन्सन हे कृष्णवर्णीय अमेरिकन. (ते स्थळ नेमके ध्रुवच होते काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तो वाद पिअरींच्या मोजणीचा आहे. हेन्सन यांच्या श्रमांविषयी वाद नाही.)

हेन्सन यांचा जन्म १८६६ साली मेरिलँडमध्ये, वाट्याने शेती कसणाऱ्या कुटुंबात झाला. लहानपणीच पोरका झालेला हा मुलगा जहाजावर नोकरीस लागला. तेथील कप्तानाने त्यास लिहावयास-वाचावयास शिकविले. पुढे १८८७ मध्ये वॉशिंग्टनमधील टोप्यांच्या एका दुकानातून पिअरींनी त्यांना सेवक म्हणून सोबत घेतले. हा सेवकच १८९१ पासूनच्या ग्रीनलंडच्या मोहिमांचा कणा ठरला.

कसा, ते पाहण्यासारखे आहे. हेन्सन इनुइटांकडे विद्यार्थी म्हणून गेले. त्यांची भाषा ते अस्खलित बोलू लागले. बर्फाच्या ठोकळ्यांचे घर बांधणे, कुत्र्यांची घसरगाडी हाकणे, मोडलेली गाडी कडाक्याच्या थंडीत उघड्या हातांनी पुन्हा बांधणे, या विद्यांत ते इनुइटांच्या तोडीचे झाले. अंगावरचे चामड्याचे कपडे मात्र इनुइट स्त्रियांनी दातांनी चावून मऊ केलेले व शिवलेले असत. त्या टाक्यांवाचून एकही वीर जिवंत परतला नसता. १९०९ च्या वाटचालीत पायाखालचा बर्फ निसटून हेन्सन पाण्यात पडले, तेव्हा ऊटाने त्यांना मानेशी धरून वर ओढले. उत्तरेतील ज्या स्वावलंबनाचे एवढे गोडवे गायिले जातात, ते असे परस्परांच्या हातांवर उभे होते.

हिमदंशाने पायांची बहुतेक बोटे गमावलेल्या पिअरींना हेन्सनवाचून पुढे जाणे अशक्य होते आणि ते त्यांनी मान्यही केले. तरीही स्वतःच्या ग्रंथात त्यांनी लिहिले की, गोऱ्या सहकाऱ्यांचे धाडस व पुढाकार हेन्सन यांना वंशपरंपरेने लाभलेले नाहीत. अठरा वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव एका बाजूस आणि जन्मावरून गुण ठरविणारी समजूत दुसऱ्या बाजूस! ही समजूत आपल्या वाचकांस अपरिचित नाही.

परतल्यावर पिअरी यांना १९११ मध्ये रिअर ॲडमिरलचा हुद्दा व निवृत्तिवेतन मिळाले. हेन्सन ब्रुकलिनमधील एका गॅरेजमध्ये राबले. १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या आदेशाने त्यांना न्यूयॉर्कच्या सीमाशुल्क कार्यालयात निरोप्याची जागा मिळाली. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मॅनहॅटन बेटाच्या उत्तर भागात एक भारतीय विद्यार्थी जातिसंस्थेचे विश्लेषण करीत होता, तेव्हा त्याच बेटाच्या दक्षिण टोकाला ध्रुवावरून परतलेला हा माणूस कागद पोहोचवीत होता.

हेन्सन १९३६ मध्ये निवृत्त झाले. एक्सप्लोरर्स क्लबने सभासदत्व दिले ते १९३७ मध्ये. काँग्रेसचे पदक १९४४ मध्ये आले. १९५५ मध्ये ते वारले. ६ एप्रिल १९८८ रोजी त्यांचे अवशेष आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत, पिअरींच्या समाधीजवळ, लष्करी सन्मानाने पुन्हा पुरण्यात आले.

इनुइटांचा हिशेब याहून उशिरा झाला, आणि तो अपुराच आहे. १८९७ मध्ये पिअरींनी ग्रीनलंडमधून एक प्रचंड उल्का न्यूयॉर्कला नेली आणि तिच्यासोबत सहा इनुइट माणसेही नेली. त्यांपैकी चौघे काही महिन्यांतच दगावले. त्यांतील किसुक याचा लहान मुलगा मिनिक याच्या समाधानासाठी दफनाचा देखावा करण्यात आला. अस्थी मात्र संग्रहालयात गेल्या. हेन्सन यांच्या कीर्तीचा विचार करताना, ते याच मोहिमांचे अंग होते हेही ध्यानी ठेवावे लागते. त्या चौघांच्या अस्थी १९९३ मध्ये ग्रीनलंडमधील कानाक येथे परत नेऊन मातीस देण्यात आल्या.