बंडीचे बैल, पटाचे बैल

समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातून कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव हे तालुके कापत जातो. ११ डिसेंबर २०२२ला त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. ताशी १२० किलोमीटरची मर्यादा लावावी लागते असा रस्ता जिल्ह्याने तोवर पाहिला नव्हता. वेगाचे वेड मात्र इथे त्याच्या कितीतरी आधीचे आहे. वऱ्हाडात बैलजोड्यांच्या शर्यतीच्या त्या वेडाला शंकरपट म्हणतात. नुसते 'पट' म्हटले तरी चालते. लग्नाची बोलणी सुरू असताना मांडवातून दोन-चार माणसे हळूच गायब झाली, तर ती शेजारगावच्या पटावर सापडतात.

पटाचा हंगाम शेतीच्या कॅलेंडरवर बसतो. सोयाबीन घरात आलेले असते, कपाशीच्या वेचण्या उरकत आलेल्या असतात, तुरीच्या तुऱ्हाट्या बांधावर रचलेल्या असतात. संक्रांतीपासून महाशिवरात्रीच्या पुढेपर्यंत बैलांना काम कमी आणि माणसांना वेळ जास्त. अशा वेळी गावालगतचे एखादे रिकामे वावर नांगरून, ढेकळे फोडून, फळी मारून सारखे करायचे. दोन्ही अंगांना दोर किंवा बल्ल्या बांधायच्या, की धावपट्टी तयार. एका टोकाला जोडी आणायची. हलक्या छकड्याच्या जुवाला ती जुंपेपर्यंत चार-पाच जण बैलांना धरून उभे असतात, कारण पटाचा बैल पट्टी ओळखतो आणि इशाऱ्याआधीच उधळतो. धुरकरी छकड्यावर पाय रोवतो, कासरे हातात घेतो, धरणारे बाजूला होतात. पुढचा सगळा प्रकार काही सेकंदांत आटोपतो. पूर्वी निकाल पंचांच्या नजरेवर आणि निशाणावर लागे, त्यामुळे भांडणेही मुबलक. मग हातातले स्टॉपवॉच आले. आता मोठ्या पटांवर सेकंदाचे शंभर भाग करणारे विजेवरचे घड्याळ असते. भांडणे तरीही होतात, फक्त ती आता घड्याळाशी होतात.

हा खेळ हौशी शेतकऱ्याला परवडे, याचे कारण साधे होते. शर्यतीला लागणारी प्रत्येक वस्तू त्याच्या घरी आधीच असे. बैल गोठ्यात, सुतार गावात, वावर कुणाचे तरी रिकामे. कुटार, कडबा घरचा. हंगामाच्या तोंडावर सरकी-ढेप वाढवायची, हरभऱ्याची चुनी द्यायची, घरातल्या पोरांच्या वाटचे दूध महिनाभर गोऱ्ह्याकडे वळवायचे. जी जोडी पावसाळ्यात डवरणी करी, हिवाळ्यात कापसाची बंडी ओढी, तीच माघात पटावर उभी राही. हरली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बंडीला. जिंकली तर तिची बाजारातली किंमत वाढे, आणि धन्याची गावातली.

या भागात चपळ बैलाला मोल का आले, याची मुळे वाहतुकीत आहेत. रेल्वेच्या आधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल दूर गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. बंजाऱ्यांचे तांडे धान्य, मीठ आणि फौजांची रसद वाहत. १८०३च्या दख्खनच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या सैन्याची भिस्तही बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. ती मोहीम अकोल्याजवळचे अडगाव आणि मेळघाटातला गाविलगड इथे संपली. देशभरच्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी याच वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात आहे. पूर्वेकडे वर्धा-नागपूर पट्ट्यात गवळाऊ ही सडपातळ, पांढऱ्या-राखी रंगाची आणि पल्लेदार चालीची जात तयार झाली. मराठ्यांच्या फौजेचे सामान झपाट्याने हलवण्यासाठी ती जोपासली गेली, असे पशुतज्ज्ञ मानतात. १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि लांबचा माल तिने उचलला. तरी वावरापासून कारंजा, अकोला किंवा खामगावच्या बाजारापर्यंतचे अंतर पुढची शंभर वर्षे बंडीनेच तोडले. बाजारात आधी पोहोचणाऱ्याची बंडी आधी रिकामी होते, हे ज्याला कळले त्याने चालीचा बैल शोधला. पटाची पहिली चाचणी बहुधा अशा रस्त्यांवरच झाली असावी.

मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी 'शकुंतला' ही संथ नॅरोगेज गाडी ज्यांनी अनुभवली, त्यांना बैलांचा वेग जास्तच भावला असणार. पटाच्या जोडीने तिला थोड्या अंतरात सहज मागे टाकले असते.

वाशीमकरांच्या दृष्टीने या खेळाची पंढरी जिल्ह्याबाहेर आहे. जुना नागपूर-औरंगाबाद रस्ता कारंज्याहून पूर्वेला धरला की अमरावती जिल्ह्यातले तळेगाव दशासर लागते. तिथल्या कृषक सुधार मंडळाचा शंकरपट विदर्भातल्या सर्वांत जुन्या आणि नावाजलेल्या पटांपैकी एक. ज्या काळी जोड्या पायी नेत, त्या काळी पटाआधी दोन दिवस मुक्कामाला पोहोचून बैलांना विसावा द्यायची रीत होती. आता त्या पिकअपमध्ये गादीवर उभ्या राहून येतात. तळेगावने महिलांसाठी वेगळा पट सुरू केला, ही गोष्ट विशेष. नऊवारीचा काष्टा मारून छकड्यावर चढणाऱ्या बायांच्या हातात कासरा देण्याआधी गावात किती खल झाला असेल, याची कल्पना करता येते. पण एकदा जोडी सुटली की बैलाला धुरकऱ्याची जात किंवा लिंग कळत नाही.

आणखी पूर्वेला, भंडारा-चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत, पटाला नाटकाची जोड मिळाली. दिवसा पट आणि रात्री मंडपात पहाटेपर्यंत नाटक. पटाला जमलेली गर्दी हाच तिथल्या रंगभूमीचा आयता प्रेक्षक. पश्चिम महाराष्ट्रातली तऱ्हा वेगळी. खेड-जुन्नरकडे चढाचा घाट, चार बैल आणि पुढे घोडी. सांगली-साताऱ्याकडे खिलारांची सपाट मैदानावरची दौड. वऱ्हाडचा पट त्यांच्या मानाने आटोपशीर, थोडा गरीब.

स्वस्त शर्यतीची ही ओढ जगभर दिसते. अमेरिकेत एप्रिल १९६४मध्ये फोर्डची मस्टँग आली, ती नोकरदाराला परवडेल अशा किमतीत. दोन वर्षांत अशा गाड्यांच्या ट्रान्स-ॲम शर्यती सुरू झाल्या. कारखान्यांचा पैसा त्यात ओतला गेला आणि हौशी माणूस हळूहळू कठड्याबाहेर गेला. २००६मध्ये तिथे 'ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स' नावाची गमतीची शर्यत निघाली. तिचा मुख्य नियमच असा की मोटार ५०० डॉलरांच्या वरची नको. भारतात मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर मोटारी पळत, पण तो संस्थानिकांचा आणि गिरणीमालकांचा शौक. कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी १९८०च्या दशकाअखेरीस मारुती ८००चे इंजिन बसवून शर्यतीची स्वस्त गाडी बनवली, तेव्हा कुठे मध्यमवर्गीय पोरांना त्या खेळात शिरकाव मिळाला. वाशीमच्या शेतकऱ्याकडे असे इंजिन जन्मतःच गोठ्यात असे.

पटाचे सगळेच गोड नव्हते. शेपट्या पिरगळणे आणि चावणे, तुतारीचे म्हणजे टोकदार काठीचे टोचे, पुढे पुढे बॅटरीचे झटके, बैलाला दारू पाजणे हे प्रकार सर्रास झाले. बक्षिसे वाढली तशी क्रूरताही वाढली. हे कबूल न करता पुढे आलेल्या बंदीला नुसत्या शिव्या घालणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ११ जुलै २०११च्या अधिसूचनेने केंद्राने खेळांत वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचे नाव घातले. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टू या बैलांच्या खेळाबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतीही बंद केल्या. जानेवारी २०१७मध्ये या बंदीविरुद्ध चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर माणसे जमली, तमिळनाडूने कायदा केला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही. मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या कायद्याला स्थगिती दिली. चोरून पट होत राहिले, गुन्हे दाखल होत राहिले. ऑगस्ट २०२१मध्ये सांगलीच्या झरे गावात बंदी मोडून झालेली शर्यत राज्यभर गाजली. अखेर १६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि १८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले.

परवानगी नियमांसह आली. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, ५० हजारांची अनामत, धाव १००० मीटरच्या आत, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, तुतारी आणि बॅटरीला मनाई. वऱ्हाडातल्या पटाला अंतराची अट कधीच अडचणीची नव्हती. कागदांची मात्र झाली. ज्या गावात पूर्वी चार म्हाताऱ्यांनी पारावर बसून पट ठरवला, तिथे आता फाइल घेऊन तहसीलला चकरा मारणारा पोरगा लागतो.

बंदीच्या सात-आठ वर्षांत गोठेही बदलले. मळणी यंत्राने खळे संपवले, ट्रॅक्टरने नांगर संपवला. राज्यातले गोधन २०१२च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ५५ लाख होते, ते २०१९मध्ये १ कोटी ४० लाखांवर उतरले. २०१५मध्ये बैलाच्या कत्तलीवर बंदी आल्याने म्हातारा बैल विकण्याची वाटही आटली. परिणामी शेताचा बैल आणि पटाचा बैल यांची फारकत झाली. आज पटावर येणाऱ्या नामांकित जोडीने आयुष्यात डवरा ओढलेला नसतो. तिला अंडी, तूप, उडदाची डाळ मिळते, राखायला पगारी माणूस असतो, आणि तिची किंमत काही लाखांत सांगतात.

बक्षिसांनी या फारकतीवर शिक्का मारला. मे २०२२मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत झालेल्या शर्यतीत पहिले बक्षीस जेसीबी होते, खाली बोलेरो आणि ट्रॅक्टर. एप्रिल २०२३मध्ये सांगलीतल्या भाळवणीला पहिल्या क्रमांकाला महिंद्राची थार मिळाली आणि ती 'बकासुर' व 'महिब्या' या बैलांनी पटकावली. ज्या यंत्राने बैलाला वावरातून हाकलले, तेच बैलाला बक्षीस म्हणून द्यायचे, हा विनोद संयोजकांच्या लक्षात आला की नाही, कोण जाणे.

वाशीमकडे एवढा थाट नाही, आणि ते बरे आहे. इथल्या पटात अजून गावातल्या जोड्यांसाठी वेगळा गट ठेवण्याची पद्धत आहे. बाहेरच्या नामांकित जोड्या त्यात उतरत नाहीत. नव्या पोराने घरच्या गाईचा गोऱ्हा वाढवावा, दोन दात आले की रिकाम्या छकड्याला सवय लावावी, सकाळच्या गारव्यात मऊ वावरात थोडे पळवावे आणि पहिले वर्ष याच गटात घालवावे. लेमन्सच्या ५०० डॉलरांच्या नियमाने जे साधले, तेच हा गट इथे साधतो. पट भरवणाऱ्या मंडळांनी पैसा कमी पडला तर बक्षिसातली एखादी मोटारसायकल कमी करावी, मंडपाचा खर्च कमी करावा, पुढाऱ्यांचे फलक कमी करावेत. गावगटाच्या बक्षिसाला मात्र कात्री लावू नये.