कुलाबा आणि विजयदुर्ग : आंग्र्यांच्या आरमाराच्या दोन लढाया

ग्वाल्हेरच्या मराठी वाचकास आंग्रे हे आडनाव परके नाही. शिंदे दरबारातील एक मातब्बर सरदार घराणे म्हणून ते येथे सर्वपरिचित आहे. मात्र या नावाची मूळ कीर्ती घोड्याच्या टापांबरोबर नव्हे, तर कोकणच्या लाटांवर वाढली. त्या कीर्तीचा विषय निघाला की, पेशव्यांनी मराठ्यांचे आरमार इंग्रजांकरवी बुडविले, असा एक निकाल आपल्याकडे हमखास ऐकू येतो. या निकालात तथ्य आहे. पण तो इतका आटोपशीर आहे की मूळ घटनाच त्यामागे झाकली जाते. ती घटना नीट समजून घ्यावयाची, तर १७५६ साली विजयदुर्गाच्या खाडीत लागलेल्या आगीपूर्वी पस्तीस वर्षे मागे जावे लागते.

प्रथम ही जहाजे कशी होती ते पाहू. आंग्र्यांच्या आरमाराचा कणा म्हणजे गुराब. दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, तळ उथळ असलेले, पुढे लांब आणि निमुळती नाळ काढलेले हे जहाज. बाजूंच्या तोफांखेरीज नाळेवरून थेट समोर मारा करतील अशा तोफा त्यावर असत. त्याच्या जोडीला गलबते. ती हलकी, मोठ्या तिकोनी शिडाची आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वर लहान जंबुरे आणि हत्यारबंद माणसांची दाटी. वारा पडला की इंग्रजांचे अवजड जहाज जागच्या जागी डुलत राही. अशा वेळी वल्हविणारी गलबते गुराबांना दोर लावून ओढीत आणि शत्रूच्या पिछाडीस आणून सोडीत, कारण तेथे त्याच्या तोफा सर्वांत कमी असत. मारा व्हावयाचा तो शिडांवर आणि डोलकाठ्यांवर. जहाज पांगळे झाले की चोहोंकडून माणसे त्यावर चढत. मोठे जहाज पाठलागावर आलेच, तर ही मंडळी उथळ पाण्यात शिरत व किल्ल्याच्या तोफांच्या आश्रयास जात.

म्हणजे गुराब ही एकट्याने लढण्याची वस्तूच नव्हती. खाडी, किल्ला आणि किल्ल्यामागची जमीन ही तिचीच अंगे होत. छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे जहाजबांधणीस हात घातला आणि १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्यामागे हेच गणित दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. आरमार हे राज्याचे निराळे अंग होय, असे सांगून अमात्य थांबत नाहीत. जहाजांसाठी लाकूड कोठून व कसे तोडावे, रयतेची आंब्या-फणसाची झाडे कशी वाचवावी, इथवर ते उतरतात. टोपीकरांना किनाऱ्यावर जागा देऊ नये, हा त्यांचा इशाराही त्याच ग्रंथात आहे. विजयदुर्गाची कथा वाचताना या इशाऱ्याची आठवण पदोपदी होते.

आता १७२१ सालची लढाई. बाळाजी विश्वनाथांच्या शिष्टाईने १७१३ मध्ये कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या पक्षात आले होते आणि सरखेलीचे पद त्यांच्याकडे होते. परवान्यावाचून किनाऱ्यावरून जाणारे जहाज ते धरीत. मुंबईकर इंग्रज यास चाचेगिरी म्हणत. (स्वतः इंग्रज आणि पोर्तुगीज परवाने देत, तेव्हा मात्र ती राजसत्ता ठरे!) इंग्रजांचे विजयदुर्गावरचे आणि खांदेरीवरचे हल्ले फसल्यावर त्यांनी गोव्याच्या पोर्तुगीजांशी हातमिळवणी केली आणि १७२१ च्या डिसेंबरात दोघे मिळून अलिबागेस कुलाब्यावर चालून आले. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील युद्धनौका या वेळी कमोडोर मॅथ्यूज यांच्या हाताखाली प्रत्यक्ष हजर होत्या. तरीही मोहीम फसली. किल्ल्याने दाद दिली नाही, हे एक कारण. आणि पहिले बाजीराव पेशवे घोडदळ घेऊन कोकणात उतरले, हे दुसरे. एका मराठा स्वाराचा भाला खुद्द मॅथ्यूज यांच्या मांडीत शिरला. पोर्तुगीजांनी पुढच्याच महिन्यात मराठ्यांशी तह केला आणि इंग्रज हात चोळीत मुंबईस परतले.

कान्होजी १७२९ मध्ये वारले. पुढची कहाणी भाऊबंदकीची आहे आणि ती लांबविण्यात अर्थ नाही. थोरले सेखोजी १७३३ मध्ये गेल्यावर संभाजी आणि मानाजी यांच्यात घर फुटले. कुलाबा एकाकडे, विजयदुर्ग दुसऱ्याकडे. विजयदुर्गाचा वारसा पुढे तुळाजींकडे आला. तुळाजी शूर होते, हे शत्रूनेही नाकारले नाही. १७४९ मध्ये त्यांनी कंपनीचे 'रिस्टोरेशन' हे जहाज धरले, १७५४ मध्ये डचांशीही यशस्वी झुंज घेतली. परंतु पुण्याची हुकमत त्यांना मान्य नव्हती आणि शेजाऱ्यांपैकी कोणाशीही त्यांचे धड नव्हते. अशा सरदारास वठणीवर आणणे हा नानासाहेब पेशव्यांचा अधिकार होता, असेच मला वाटते.

प्रश्न आहे तो साधनाचा. १७५५ च्या करारात समुद्रावरील मोहिमेचे नेतृत्व पेशव्यांनी इंग्रजांकडे दिले आणि बाणकोटही त्यांना देऊ केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कमोडोर जेम्स यांनी सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसन यांचे आरमार आणि क्लाइव्ह यांची फौज विजयदुर्गासमोर उभी राहिली; जमिनीच्या बाजूस रामाजी महादेव पेशव्यांचे सैन्य घेऊन होते. तुळाजी बोलणे लावण्यासाठी स्वतः पेशव्यांच्या छावणीत गेले होते. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी दुपारी तोफा सुरू झाल्या. तुळाजींचे सारे आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांस जखडून नांगरलेले होते. हालचाल हेच ज्या जहाजांचे बळ, ती अशी दावणीला बांधलेली! एक पेटता गोळा 'रिस्टोरेशन'वर पडला आणि तेथून आग जहाजामागून जहाज खात गेली. अंधार पडेपर्यंत आंग्र्यांचा हा बेडा संपला होता. बांधणीवरची जहाजेही वाचली नाहीत.

त्या रात्री क्लाइव्ह यांनी आपली माणसे किनाऱ्यावर उतरविली, ती किल्ला आणि मराठी फौज यांच्या मधोमध. किल्ला पेशव्यांच्या हाती पडू नये, एवढाच त्यातला हेतू. दुसऱ्या दिवशी निशाण उतरले. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रज अधिकाऱ्यांनी आपसांत वाटून घेतली. वाटणीचे प्रमाण मुंबईहून निघण्यापूर्वीच ठरलेले होते. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. किल्ला परत मिळविण्यासाठी पुण्याला ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी लागली आणि तहात बाणकोटबरोबर काही गावेही इंग्रजांना द्यावी लागली.

दोन्ही वेळी समोर इंग्लंडच्या राजाची जहाजे होती, दोन्ही वेळी त्यांच्या तोफा मराठ्यांच्या तोफांहून भारी होत्या. जहाजांतील फरकाने १७५६ चा निकाल लागला असे मानणाऱ्यांनी १७२१ कडे पाहावे. बदलली होती ती किल्ल्यामागची जमीन. बापाने जे घोडदळ आरमाराच्या पाठीशी उभे केले, ते मुलाने त्याच्या पाठीवर घातले. वॉटसन आणि क्लाइव्ह हीच जोडी त्या वर्षाअखेर बंगालला गेली आणि १७५७ मध्ये प्लासी घडली, हेही येथे नोंदविले पाहिजे.

तरीही मराठ्यांचे आरमार त्या दिवशी नामशेष झाले नाही. कुलाब्याचे आंग्रे आपली जहाजे राखून होते, आणि विजयदुर्ग परत आल्यावर पेशव्यांनी तेथे आपल्या आरमाराचा सुभा उभा केला. त्या सुभ्याच्या आनंदराव धुळपांनी एप्रिल १७८३ मध्ये रत्नागिरीच्या समुद्रात इंग्रजांचे 'रेंजर' हे जहाज झुंजून काबीज केले. सालबाईचा तह आधीच झाला असल्यामुळे इंग्रजांनी मोठी ओरड केली आणि जहाज परत द्यावे लागले. विजयदुर्ग मात्र पुढे १८१८ पर्यंत धुळपांकडेच राहिला.