अंगणातला विस्तव

ग्वाल्हेरला जानेवारीत काही रात्री पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशाच एका संध्याकाळी नवे घर बांधणाऱ्या एका शेजाऱ्यांनी मला विचारले, "अंगणात शेकोटीसाठी कायमची सोय करायची आहे. खड्डा खणावा, विटांचे कडे बांधावे, की बाजारात मिळते तसले लोखंडी पात्र आणावे?" प्रश्न खरेदीचा होता. परंतु विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की अग्नीला घर कोणत्या आकाराचे द्यावे आणि कोठे द्यावे, हा माणसाच्या अतिप्राचीन प्रश्नांपैकी एक आहे.

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या दरम्यानच्या त्या शेतकरी वस्तीत घरांच्या अवशेषांबरोबर मातीने लिंपलेले अग्निखळगेही सापडले. काही घरात, काही बाहेर अंगणात. आधीची चौकोनी घरे पुढे जाऊन त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, म्हणजे घराचे रूप पालटले. पण विस्तवाची जागा घरातून हद्दपार झाली नाही.

वैदिक कर्मकांडाने तर या आकाराचे शास्त्रच केले. गार्हपत्य अग्नीचे कुंड गोल, आहवनीयाचे चौकोनी आणि दक्षिणाग्नीचे अर्धवर्तुळाकार. तिन्ही आकार भिन्न, पण क्षेत्रफळ सारखे हवे, असा दंडक. वर्तुळाचा चौरस कसा करावा, चौरसाचे वर्तुळ कसे करावे, याच्या रीती बौधायन शुल्बसूत्रात आल्या त्या या गरजेतून. यांतील एक गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. देवांना आहुती द्यायचा तो अग्नी चौकोनी. परंतु गृहस्थाचा, ज्यातून आहवनीय प्रज्वलित करायचा तो मूळ अग्नी मात्र गोल. गोल विस्तवाभोवती बसणाऱ्यांत कोणी अग्रस्थानी नसतो, कोणी पायथ्याशी नसतो. शास्त्रकारांच्या मनात हे कारण होते असे मी म्हणत नाही. पण शेकोटीभोवती आपण आपोआप कोंडाळेच करतो, रांग करीत नाही, हे खरे.

आपल्या भाषेतही हा इतिहास साठलेला आहे. हिंदीत ज्याला 'अलाव' म्हणतात त्याला मराठीने 'शेकोटी' म्हटले, म्हणजे जाळापेक्षा शेकणाऱ्या माणसाकडे पाहून नाव दिले. वैर पराकोटीला गेले की आपण म्हणतो, 'त्या दोघांमध्ये विस्तव जात नाही.' आगपेटी घरोघर पोहोचण्यापूर्वी रात्री निखारे राखेत झाकून ठेवीत आणि ते विझलेच तर शेजारच्या घरून विस्तव मागून आणीत. हा रिवाज डोळ्यांसमोर आणला, की त्या वाक्प्रचाराची धार कळते. विस्तवाची देवघेव थांबणे म्हणजे शेजारच संपणे. इंग्लंडमधील जॉन वॉकर यांनी १८२७ साली घर्षणाने पेटणाऱ्या काड्या विकायला आणल्या, पुढे स्वीडनच्या आगपेट्या जगभर गेल्या, १९२३ साली मुंबईत विमको कंपनी निघाली. आणि विस्तव मागण्याचे कारणच उरले नाही. सोय झाली, पण शेजारधर्माचा एक धागा तुटला.

आमचे लष्कर हे गावच मुळी १८१० साली पडलेल्या दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून उभे राहिले. नावात छावणी अजून आहे. छावणी म्हटली की थंडीच्या रात्री ठिकठिकाणी पेटलेल्या शेकोट्या आल्याच.

आता शेजाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळतो. जमिनीतला खळगा वाऱ्यापासून ज्वाळा सांभाळतो, निखारे फार वेळ धरतो. पण त्याला खालून हवा मिळत नाही, म्हणून ओले लाकूड टाकले की धूर कोंदतो, आणि पावसाळ्यात त्याचे डबके होते. पायांवर उभे, तळाला भोके असलेले लोखंडी पात्र चटकन पेटते. हल्लीच्या दुहेरी भिंतीच्या पात्रांत दोन भिंतींमधून तापून वर आलेली हवा धुरातील जळू शकणारा अंश जाळते, त्यामुळे धूर पुष्कळ कमी होतो. पण ऊब बाजूंना कमी आणि आकाशाकडे अधिक जाते. विटांचे गोल कडे या दोहोंच्या मधले, मात्र बुडाशी हवेसाठी फटी सोडायला हव्यात. विस्तव अंगाशी किती जवळ असावा, याचाही धडा इतिहासात आहे. काश्मिरात फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगतात. तिच्या नित्य उष्णतेने पोटाच्या व मांडीच्या त्वचेला होणाऱ्या कर्करोगाची नोंद डॉक्टर एल्म्स्ली यांनी १८६६ सालीच केली होती. आणि निखारे खोलीत घेऊन दारे लावून निजणाऱ्यांचे मृत्यू तर दर हिवाळ्यात वाचावे लागतात. शेकोटीची जागा उघड्यावर, हे पूर्वजांनी उगाच ठरवले नव्हते.

मी हे सारे सांगितले, पण एक गोष्ट सांगायला धजलो नाही. ती येथे लिहितो. त्याच हिवाळ्यात आमच्या वसाहतीच्या फाटकावरचा रात्रपाळीचा पहारेकरी पुठ्ठे आणि टायरचे तुकडे पेटवून शेकत असे. तक्रारी झाल्या, शेकोटी बंद करविण्यात आली. तक्रार चुकीची नव्हती. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली देशभर मनाई केली आहे, आणि टायरचा धूर विषारीच. पण त्याला कोरडे लाकूड द्यावे, हे कोणाला सुचले नाही. मलाही नाही.

शेजाऱ्यांनी शेवटी विटांचे कडे बांधले, गोल. पहिल्या रात्री मी आमंत्रणावरून गेलो, तर कोंडाळ्यात एका बाजूला कानटोपी घातलेला तो पहारेकरी बसला होता. यजमानांनी त्याला फाटकावर नेण्यासाठी एका शेगडीत निखारे भरून दिले. शेजाऱ्याकडून विस्तव नेण्याची रीत मी पुस्तकी समजत होतो. ती त्या रात्री माझ्यासमोर फाटकापर्यंत चालत गेली.