गोझो

गोझो हे भूमध्य समुद्रातील माल्टा या द्वीपराष्ट्राचे आकाराने दुसऱ्या क्रमांकाचे बेट आहे. माल्टी भाषेत त्यास आउदेश म्हणतात. सिसिलीच्या दक्षिणेस वसलेल्या या बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ६७ चौरस किलोमीटर असून २०२१ च्या जनगणनेनुसार शेजारच्या चिमुकल्या कोमिनोसह येथील लोकसंख्या सुमारे ३९ हजार होती. मुख्य शहर व्हिक्टोरिया. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ साली हे नाव देण्यात आले. बेटावरचे लोक मात्र अजूनही जुन्या 'राबात' याच नावाने त्याचा उल्लेख करतात. माल्टाच्या मुख्य बेटावरील चिरकेव्वा बंदरातून गोझोच्या इमजार बंदरात बोटीने सुमारे २५ मिनिटांत पोहोचता येते.

भूरचना

गोझोची वास्तुकला आणि त्याचा किनारा या दोहोंचे मर्म येथील खडकात आहे. वर व खाली प्रवाळयुक्त कठीण चुनखडक, त्यांच्या मधोमध निळसर चिकणमाती आणि तिच्याखाली सहज कोरता येणारा मऊ, पिवळसर चुनखडक असे थर एकावर एक रचलेले आहेत. बेटावर बारमाही नदी नाही. परंतु वरच्या खडकातून झिरपलेले पाणी चिकणमातीवर अडून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते, म्हणून गोझो मुख्य बेटापेक्षा अधिक हिरवे राहिले. हीच चिकणमाती भिजली की घसरते आणि वरचे कडे खचतात. दक्षिणेस ता चेंच येथे शंभर मीटरहून उंच कडे थेट समुद्रात उतरतात.

जगंतिया

शारा या गावानजीकचा जगंतिया हा मंदिरसमूह इ.स.पू. ३६०० च्या सुमारास उभारण्यास प्रारंभ झाला. म्हणजे तो इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुना आहे. धातूची अवजारे ठाऊक नसलेल्या लोकांनी एका सामाईक तटाच्या आत दोन मंदिरे बांधली. बाहेरच्या भिंतीसाठी कठीण चुनखडक, तर आतील सजावटीसाठी मऊ चुनखडक, अशी त्यांची निवड होती. तटाची उंची काही ठिकाणी सहा मीटरहून अधिक असून काही शिळांचे वजन ५० टनांच्या वर असावे, असे मानले जाते. येथे सापडलेल्या पाषाणगोलांवरून त्या शिळा घरंगळवत आणल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा तर्क आहे. लोककथा वेगळेच सांगते: शेंगांचे दाणे व मध खाणाऱ्या एका राक्षसिणीने कडेवर मूल घेऊन हे मंदिर रचले. 'जगंतिया' हे नाव राक्षसवाचक शब्दावरूनच आले आहे.

१८२७ मध्ये येथील माती उपसण्यात आली, तीही आजच्या अर्थाने उत्खनन म्हणावे अशी नव्हे. त्यामुळे त्या काळी चार्ल्स ब्रॉक्टॉर्फ या चित्रकाराने काढलेल्या जलरंगचित्रांना दस्तऐवजाचे मोल आले. जवळच उघडकीस आलेले एक प्रागैतिहासिक दफनस्थळ पुढे पुन्हा शेताखाली लुप्त झाले. विसाव्या शतकात त्याचा ठाव लागला तो या चित्रांच्या आधारे, आणि १९८७ ते १९९४ या काळात तेथे रीतसर उत्खनन झाले. जगंतियाचा समावेश १९८० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

चितादेला

व्हिक्टोरियाच्या माथ्यावरील हा दुर्ग बेटाच्या सर्वांत कटू स्मृतीशी निगडित आहे. जुलै १५५१ मध्ये सिनान पाशा व तुर्गुत रईस यांच्या उस्मानी आरमाराने माल्टावर चाल केली. मदिना हाती लागत नाही असे दिसताच आरमार गोझोकडे वळले. काही दिवसांतच दुर्ग पडला आणि पाच ते सहा हजार रहिवासी, म्हणजे बेटाची जवळजवळ सर्व वस्ती, गुलाम म्हणून नेण्यात आली. बेट पुन्हा वसण्यास अनेक दशके लागली. तटाची दक्षिण बाजू १५९९ नंतर नव्याने बांधण्यात आली. रहिवाशांनी रात्र दुर्गातच काढावी, हा दंडक १६३७ पर्यंत होता. आतील कॅथेड्रल लोरेन्झो गाफाने आखले. त्याचा घुमट कधी बांधलाच गेला नाही. १७३९ मध्ये सपाट छतावर तो चित्रित करण्यात आला, आणि खालून पाहणारा आजही फसतो.

द्वेयरा

पश्चिमेकडील द्वेयराचा उपसागर पोकळ झालेल्या चुनखडकाचे छत खचून तयार झाला. तेथील 'आतला समुद्र' हाही तसाच एक खळगा. कड्यातील अरुंद बोगद्याने तो खुल्या समुद्राला जोडलेला असून त्यातून होड्या ये-जा करतात. पडझड ही या किनाऱ्याच्या घडणीची रीतच आहे. सुमारे २८ मीटर उंचीची 'निळी खिडकी' ही नैसर्गिक कमान येथेच होती आणि ती गोझोची ओळख बनली होती. २०१३ च्या भूवैज्ञानिक पाहणीत ती आणखी काही दशके टिकेल, असा अंदाज होता. २०१६ मध्ये तिच्यावर चालणाऱ्यांना दंड ठोठावण्याचा नियम झाला. ८ मार्च २०१७ रोजी सकाळी वादळात कमान आणि तिचा खांब दोन्ही समुद्रात कोसळले. आता तेथे पाणबुडे तिचे अवशेष पाहण्यासाठी उतरतात.

उपसागराच्या मुखाशी 'बुरशीचा खडक' आहे. त्यावरील वनस्पती बुरशी नसून परोपजीवी सपुष्प वनस्पती आहे. सेंट जॉनच्या सरदारांना ती इतकी औषधी वाटे, की १७४६ मध्ये खडकावर जाण्यास मनाई करण्यात आली.

उत्तर किनारा

मार्सालफोर्नजवळ श्वेयनी येथे खडकात कोरलेली मिठागरे सुमारे तीन किलोमीटर पसरली आहेत. उन्हाळ्यात उथळ चौकोनांत पाणी आटवून मीठ झाडूने गोळा करतात. काही कुटुंबांनी हा व्यवसाय पिढ्यानपिढ्या जपला आहे.

तांबूस वाळूचा रामला किनारा पूर्वेस आहे. माल्टी ही अरबीतून उद्भवलेली भाषा. रामला म्हणजे वाळू. मराठीतील 'रमल' (वाळूवरील आकृत्यांवरून भविष्य सांगण्याची विद्या) हा शब्दही त्याच धातूचा. वाळूखाली एका रोमन प्रासादाचे अवशेष आहेत. होमरच्या 'ओडिसी'तील कॅलिप्सोने ओडिसियसला सात वर्षे अडकवून ठेवले ती गुहा परंपरेने येथील कड्यात दाखवली जाते. खडक सरकू लागल्याने गुहा बंद करण्यात आली असून वरील सज्जावरून केवळ किनारा पाहता येतो.