राणीचा पट, कारागिरांचे हात



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक एका ताईंच्या ओसरीवर होती. इकडे हप्त्यांचा हिशेब चालला होता, तिकडे ताईंची नात प्लास्टिकच्या मोहऱ्यांनी बुद्धिबळ खेळत होती. मध्येच तिनं विचारलं, "मावशी, वजिराला इंग्रजीत राणी का म्हणतात?" उत्तर शोधत मी थेट रशियापर्यंत जाऊन पोहोचले.

बुद्धिबळ मूळचं आपलं. भारतातून ते इराणात गेलं, तिथून पुढे जगभर. पश्चिम युरोपात वजिराची राणी झाली. रशियात मात्र त्या मोहऱ्याला आजही 'फेर्झ' म्हणतात. हा शब्द फारसीतून आला आणि त्याचा अर्थ वजीरच. आपला उंट तिकडे हत्ती आहे आणि आपल्या हत्तीच्या जागी त्यांची नाव, म्हणजे होडी!

रशियाच्या राजघराण्याला या खेळाचं भारी वेड. १५५१ मध्ये धर्मसभेनं बुद्धिबळाला बंदी घातली, तरी ते राजवाड्यातून गेलं नाही. १५८४ मध्ये झार इव्हान वारला, तो पट मांडता मांडताच, असं त्या वेळी मॉस्कोत असलेल्या एका इंग्रजानं लिहून ठेवलंय. सगळे मोहरे उभे राहिले, राजा तेवढा काही केल्या उभा राहीना, असं तो सांगतो.

पुढे १७६२ मध्ये राणी कॅथरीन गादीवर आली. चौतीस वर्षं तिनं राज्य केलं. तिच्या काळात मॉस्कोत दुकानदार दारात बसून बुद्धिबळ खेळायचे. त्यांचा वजीर घोड्यासारखी अडीच घरंसुद्धा जायचा. गादीवर बाई आणि पटावर सगळ्यांत ताकदवान मोहरा वजीर, अशी गंमत!

तिच्याच काळात तुला शहराचे कारागीर नावाजले. हे लोक बंदुका घडवणारे. १७१२ मध्ये झार पीटरनं तिथं शस्त्रांचा कारखाना उभारला होता. त्याच हातांनी ते पोलादाच्या डब्या, मेणबत्तीदान, खुर्च्या आणि बुद्धिबळाचे संचही घडवू लागले. पोलादाच्या बारीक मण्यांना हिऱ्यासारखे पैलू पाडायचे, प्रत्येक मण्याला आटे करून तो वस्तूत पिळून बसवायचा. पोलाद तापवून त्यावर निळी-जांभळी झाक आणायची, वर सोन्याचांदीचं जडावकाम करायचं. लोखंड ते, पण दागिन्यासारखं झळकायचं. राजवाड्याजवळच्या सोफिया गावात जत्रा भरे, तिथं राणी या वस्तू विकत घेई. १७८७ मध्ये क्रिमियाहून परतताना ती तुलामध्येही थांबली होती. तिच्या काळातला असा एक पोलादी संच आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.

मैत्रिणींनो, त्या वस्तू बघायला जगभरातून लोक येतात आणि म्हणतात, हे राणीचं. पण पैलू पाडताना ज्यांच्या डोळ्यांवर ताण आला, बोटं चिरली, त्यांची नावं फार थोड्या वस्तूंवर सापडतात.

हे वाचताना मला आपलीच गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी आमच्या बायकांनी रात्री जागून मण्यांची तोरणं ओवली. व्यापाऱ्यानं नगावर पैसे दिले, तोरणांना आपल्या दुकानाची चिठ्ठी लावली आणि आमच्या दरापेक्षा कितीतरी जास्त भावानं ती विकली. गटाचं नाव कुठंच नव्हतं. चूक आमचीही होती, आम्ही ते मागितलंच नव्हतं.

आता आम्ही ठरवलंय. प्रत्येक तोरणाला कापडाची छोटी पट्टी शिवायची, तिच्यावर गटाचं नाव आणि करणारीचंही. पहिल्या दिवशी एक आजी पट्टी हातात धरून कितीतरी वेळ बघत बसल्या. आपलं नाव विकायच्या वस्तूवर त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

आणि त्या नातीला मी सांगितलं, वजीर म्हण नाहीतर राणी म्हण, पण तो घडवणाऱ्याचं नावही विचारत जा.