वेस बंद करण्याचा हुकूम

‘क्रुसेडर किंग्ज टू’ या व्हिडिओ गेममध्ये साथ येते ती अचानक, पण दिसते लांबून. एका परगण्यातून दुसऱ्या परगण्यात ती सरकत असते आणि खेळणारा राजा नकाशावर तिची चाल पाहत असतो. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स या कंपनीने हा गेम 2012 साली आणला. ऑगस्ट 2016 मध्ये आलेल्या ‘द रीपर्स ड्यू’ या पुरवणीने रोगराईला त्यात मोठे स्थान दिले. साथ येण्याआधीच रुग्णालये बांधायला पैसा लागतो, दरबारात वैद्य नेमावा लागतो आणि मरी उंबरठ्यावर आली की एक निर्णय समोर उभा राहतो: किल्ल्याचे दरवाजे लावून घ्यायचे का? लावले तर रोग बाहेर राहण्याची आशा, पण कोठारातले धान्य रोज घटत जाणार. साथ आधी ओसरते की धान्य आधी संपते, यावर सारे अवलंबून.

हा पेच गेम बनवणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेला नाही. चौदाव्या शतकात युरोपातल्या शहरांपुढे तो खरोखर उभा राहिला होता, आणि त्यावर टिकाऊ तोड काढली ती व्यापारी बंदरांनी.

ऑक्टोबर 1347 मध्ये काळ्या समुद्राकडून आलेली गलबते सिसिलीतल्या मेसिना बंदराला लागली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत युरोपातली निदान एक तृतीयांश माणसे प्लेगने गेली. रोग कशाने होतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. दूषित हवा, ग्रहांची युती, देवाचा कोप अशी कारणे सांगितली जात. पण रोग जहाजांबरोबर येतो, माणसांबरोबर चालतो, एवढे बंदरातल्या लोकांच्या नजरेतून सुटले नाही. 1374 मध्ये मिलानच्या बेर्नाबो व्हिस्काँतीने रेज्जो शहरासाठी हुकूम काढला: रोग्याला शहराबाहेर शेतात न्यावे, तिथेच तो बरा होईल किंवा मरेल, त्याची शुश्रूषा करणाऱ्याने दहा दिवस कोणात मिसळू नये. एकहाती सत्ता असलेल्या माणसाचा हा हुकूम होता. रोग्याला उचलून बाहेर टाकायचे, बस्स.

आड्रियाटिक समुद्राच्या काठावरच्या रागुसाला, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकला, असा हुकूम परवडणारा नव्हता. बाल्कनच्या खाणींतली चांदी इटलीकडे आणि समुद्रावरचे मीठ आतल्या मुलखात, या ने-आणीवर ते छोटे गणराज्य जगत होते. वेस कायमची लावली तर शहर प्लेगने मेले नसते, उपासमारीने मेले असते. म्हणून 27 जुलै 1377 रोजी तिथल्या महासभेने वेगळा कायदा केला. रोग असलेल्या मुलखातून येणाऱ्या माणसाने आधी एक महिना मर्कान या ओसाड बेटावर किंवा जवळच्या त्साव्तात गावात काढायचा, मगच शहरात पाऊल टाकायचे. परवानगीशिवाय त्यांना भेटायला जाणाऱ्या रागुसावासीयालाही तीच शिक्षा: त्यानेही महिनाभर तिथेच राहायचे.

या कायद्यात रोग्यांइतकाच धडधाकट दिसणाऱ्या माणसांचाही विचार होता. रोग अंगात असेल तर महिन्याभरात बाहेर पडेल; नसेल तर व्यापाऱ्याचा महिना गेला, पण व्यापार वाचला. दरवाजा बंद करण्याऐवजी तो उशिरा उघडायचा, ही युक्ती वैद्यांच्या मंडळाने नव्हे, तर व्यापार जाणणाऱ्या सभासदांनी मंजूर केली होती. पुढे महिन्याचे चाळीस दिवस झाले आणि क्वारंटाइनची ही पद्धत भूमध्य समुद्रभर पसरली. दुब्रोव्हनिकच्या प्लोचे वेशीबाहेर नंतर बांधलेल्या लाझारेतांच्या, म्हणजे विलगीकरणगृहांच्या, दगडी इमारती आजही उभ्या आहेत.

व्हेनिसने याच पद्धतीला सरकारी खात्याचे रूप दिले. 1348 मध्येच तिथे आरोग्याची देखरेख करायला तीन माणसे नेमली गेली होती. 1423 मध्ये खाडीतल्या एका बेटावर रोग्यांसाठी कायमचे रुग्णालय सुरू झाले. 1468 मध्ये दुसऱ्या बेटावर संशयित जहाजांवरची माणसे आणि माल ठेवण्याची सोय झाली. लोकर, कापूस, कापड यांचे गठ्ठे तिथे सोडले जात, हवेवर पसरले जात, धुरी दिली जाई. हे काम करणारे हमाल त्या मालाबरोबरच कोंडलेले असत. लाझारेत्तो नुओव्हो या बेटावरच्या भव्य वखारीच्या भिंतींवर व्यापाऱ्यांनी आणि पहारेकऱ्यांनी तांबड्या रंगात लिहिलेली नावे, तारखा, जहाजांच्या खबरा अजून वाचता येतात.

पण नकाशा? गेममध्ये राजाला साथ कुठवर आली हे आयते दिसते. व्हेनिस, मिलान, फ्लोरेन्सच्या आरोग्य अधिकाऱ्यांना तो नकाशा पत्रांतून जोडावा लागे. कुठल्या गावात गाठी आल्या, कुठल्या बंदरावर बंदी घातली, याच्या खबरा एरवी एकमेकांच्या वैरी असलेल्या शहरांतूनही जात-येत. प्रवाशाला आपले गाव निरोगी असल्याचा दाखला जवळ बाळगावा लागे. खबर उशिरा आली किंवा एखाद्या शहराने व्यापार बुडू नये म्हणून ती दडवली, की साऱ्या बंदोबस्ताला भगदाड पडे.

फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात 1720 साली हेच घडले. पूर्व भूमध्यातून कापड आणि कापूस घेऊन आलेल्या ‘ग्राँ-सँ-आंत्वान’ या जहाजावर वाटेतच माणसे मेली होती. नियमाने माल लांबच्या बेटावर ठेवायला हवा होता. पण त्यात शहरातल्या वजनदार लोकांचे पैसे गुंतले होते आणि बोकेरची मोठी जत्रा तोंडावर आली होती. जहाजाचा एक भागीदार शहराच्या कारभाऱ्यांपैकीच होता. किमती माल शहराजवळच्या आवारात उतरवला गेला. गठ्ठे उघडणारे हमाल आधी गेले, मग गल्ल्याच्या गल्ल्या. सुमारे 90,000 वस्तीच्या शहरात निम्म्याच्या आसपास माणसे दगावली. रोग पुढे सरकू नये म्हणून पुढच्या वर्षी व्होक्लूझच्या डोंगरात 27 किलोमीटरची दगडी भिंत रचून तिच्यावर पहारे बसवले गेले. जुनी व्यवस्था होती, कायदा होता, अनुभव होता. तरीही जहाजाचा मालक आणि नियम राबवणारा एकाच वर्तुळातले निघाले आणि सारे कोसळले.

‘मिडीव्हल टू: टोटल वॉर’ या 2006 च्या गेममध्ये प्लेग शहरातून बाहेर पडणाऱ्या सैन्याबरोबर आणि हेरांबरोबर पसरतो. खेळणारे मग रोग लागलेला हेर मुद्दाम शत्रूच्या शहरात धाडतात. हा डावपेच काळ्या समुद्रावरच्या काफा बंदराच्या वेढ्याची आठवण करून देतो. 1346 मध्ये जानी बेग या मंगोल खानाच्या सैन्याने प्लेगची प्रेते गोफणयंत्रांतून तटाच्या आत फेकली, अशी हकीकत पियाचेंझाच्या गाब्रिएले दे मुस्सीने लिहून ठेवली आहे. तो स्वतः तिथे हजर नव्हता, म्हणून अनेक इतिहासकार ती सावधपणे घेतात. रोग तटाच्या आत जायला प्रेते लागलीच असती असे नाही. उंदरांना तट अडवत नाही.

गेममध्ये हुकूम दिला की दरवाजा लागतो. आतली माणसे तो मानतात की नाही, हा प्रश्न फारसा येत नाही. इतिहासात तोच सर्वांत मोठा प्रश्न ठरला, आणि त्याचा पुरावा पुण्यात आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला आणि साथ पोचलेल्या पुण्यात प्लेग अधिकारी वॉल्टर रँड याच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर शिरू लागले. देवघर, माजघर, बायकांची तपासणी, कशालाच मर्यादा राहिली नाही. रोग्याला छावणीत नेतील या धास्तीने घरचे लोक त्याला लपवू लागले. त्याच काळात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करत होत्या. 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच त्यांचा मृत्यू झाला. 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या.

सोजीर शोधत होते ती माणसे. रोग मात्र उंदरांत आणि त्यांच्या पिसवांत होता. 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ याने पिसवांचा हा दुवा प्रयोगाने दाखवला, तेव्हा रँडचा खून होऊन जवळपास वर्ष झाले होते. महाराष्ट्रातल्या गावांनी मात्र शास्त्राची वाट पाहिली नाही. घरात उंदीर पडू लागले, की लोक भांडीकुंडी आणि गुरे घेऊन गाव सोडत आणि साथ ओसरेपर्यंत रानात झोपड्या घालून राहत. उंदरांनी भरलेल्या घरांपासून दूर गेल्याने त्यातले पुष्कळ जण वाचले. कोणा राजाने हा हुकूम काढला नव्हता. लोकांनी पाहून, अनुभवून तो रिवाज स्वतःच बसवला होता. साथीचा डाव राजाच्या खुर्चीतून रचणाऱ्या गेमकर्त्यांनी या बाजूकडेही बघायला हवे: तिथे दरवाजा लावून घेण्यापेक्षा घराला कुलूप घालून बाहेर पडणे शहाणपणाचे ठरले होते, आणि तो निर्णय गावाने घेतला होता.