नेदरलँड्समधील लघुलहरी नभोवाणीचा प्रारंभ

युरोपातील लघुलहरी नभोवाणीच्या इतिहासात नेदरलँड्सला अग्रस्थान आहे. या देशाची सर्वांत मोठी वसाहत, म्हणजे आजचा इंडोनेशिया, सुमारे अकरा हजार किलोमीटर अंतरावर होती. टपाल तेथे जहाजाने पोहोचण्यास अनेक आठवडे लागत.

ही अडचण दूर करण्यासाठी १९२३ मध्ये कोटवाइक आणि जावा बेटावरील बांडुंगजवळचे मलबार केंद्र यांच्यात बिनतारी संदेशसेवा सुरू करण्यात आली. ती दीर्घलहरींवर चालत असे. दीर्घलहरींसाठी प्रचंड विद्युतशक्ती आणि दोनशे मीटरहून उंच मनोरे लागत; शिवाय या यंत्रणेवरून मुख्यतः तारायंत्राचे संकेतच पाठविता येत.

लघुलहरींमुळे हे चित्र पालटले. वातावरणाच्या वरच्या थरातील विद्युतभारित कण या लहरी पुन्हा पृथ्वीकडे वळवितात. त्यामुळे तुलनेने अल्प शक्तीचे प्रक्षेपणही दूरवर ऐकू येते. फिलिप्स कंपनीच्या आइंडहोव्हन येथील प्रयोगशाळेने ११ मार्च १९२७ रोजी सुमारे ३० मीटर तरंगलांबीवर प्रक्षेपण केले आणि ते जावा बेटावर ऐकू आले. 'पीसीजेजे' हे या केंद्राचे संकेतनाम होते. रेडिओच्या निर्वात नळ्या बनविणाऱ्या या कंपनीला नव्या बाजारपेठेचेही आकर्षण होते.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच राणी विल्हेल्मिना आणि राजकन्या युलियाना यांनी याच केंद्रावरून वसाहतीला उद्देशून भाषण केले. ब्रिटनमधील बीबीसीची 'एम्पायर सर्व्हिस' सुरू झाली ती १९३२ मध्ये. १९२८ पासून एडवर्ड स्टार्ट्झ यांचा अनेक भाषांतील 'हॅपी स्टेशन' हा कार्यक्रम जगभरच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचू लागला.

मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्स व्यापल्यावर हे पर्व संपले. राणी विल्हेल्मिना लंडनला गेल्या आणि जुलै १९४० पासून बीबीसीच्या साहाय्याने 'रेडिओ ओरान्ये' सुरू झाले. पूर्वी मायदेशातून वसाहतीकडे जाणारा राणीचा आवाज आता परदेशातून मायदेशाकडे येऊ लागला. व्याप्त प्रदेशातील नागरिक तो चोरून ऐकत.

महायुद्धानंतर १९४७ मध्ये 'रेडिओ नेदरलँड्स' या जागतिक सेवेची स्थापना झाली. इंडोनेशियाचे स्वातंत्र्य नेदरलँड्सने डिसेंबर १९४९ मध्ये मान्य केले. ज्या वसाहतीसाठी हे प्रक्षेपण जन्माला आले ती उरली नाही. लघुलहरींवरील ही सेवा मात्र जून २०१२ पर्यंत सुरू राहिली.